लोड आला की संगणक बंद का पडतो?

दुकानातून एकेक भाग आणून घरी जोडलेला संगणक. टायपिंग, हिशेब, यूट्यूब यांत दिवसभर कुठेही अडत नाही. मात्र लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग लावले, जड गेम सुरू केला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टचे मॉडेल चालवायला घेतले, की काही मिनिटांत खटकन सगळे बंद. पडद्यावर सूचना येत नाही, निळा स्क्रीनही दिसत नाही. कुणीतरी भिंतीतून प्लग उपटावा, तसे होते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की हा प्रकार वाढतो आणि मग खर्चाचा फेरा सुरू होतो. आधी विंडोज पुन्हा टाकून पाहायचे, मग रॅम बदलायची, शेवटी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून दहा-बारा हजारांना फोडणी. एवढे करूनही रेंडरिंग लावले की संगणक पुन्हा बंद पडतोच.

ताप हा जसा रोग नसून लक्षण आहे, तसेच या बंद पडण्याचे आहे. बहुतेक वेळा यंत्रातला एखादा पहारेकरी स्वतःला आणि इतर भागांना वाचवण्यासाठी वीज तोडत असतो. असे पहारेकरी मुख्यतः दोन. एक उष्णतेवर लक्ष ठेवतो आणि दुसरा विजेवर. दोघांपैकी कोणी खटका पाडला हे कळले, की अर्धे निदान झाले. ते कळण्यासाठी सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. लागते ते थोडे निरीक्षण, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम. डॉक्टर पाच औषधे एकदम बदलत नाहीत त्याचे कारण इथेही लागू आहे: बरे वाटले तर कशाने वाटले, हे कळत नाही.

पहिले निरीक्षण म्हणजे बंद पडण्याची तऱ्हा. निळा स्क्रीन येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर संशय रॅम, ड्रायव्हर किंवा वाढवलेल्या वेगावर, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगवर जातो. चित्र गोठून बसत असेल, तर ग्राफिक्स कार्डकडे पाहावे लागते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही वरच्या प्रोसेसरमध्ये लोडखाली प्रोग्रॅम कोसळण्याची तक्रार जगभर गाजली. त्यावर २०२४ मध्ये बायोस अपडेटमार्फत दुरुस्ती आली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवण्यात आली. तो आजार या पहिल्या दोन गटांतला. इथे विषय आहे तो तिसऱ्या तऱ्हेचा, म्हणजे क्षणात सगळे काळोखात जाण्याचा. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. तिला घाबरून जाण्याचे कारण नाही. ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’ एवढेच संगणक त्यातून सांगतो. त्या नोंदीतला ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला चूक लिहून ठेवायलाही उसंत मिळाली नव्हती, असा अर्थ बहुधा निघतो. मग विंडोज पुन्हा टाकून फारसे काही साधत नाही.

आता उष्णतेचे गणित. माणसाचे शरीर स्वस्थ बसले असताना साधारण शंभर वॅट उष्णता टाकते, आणि बाहेर ४२ अंश असले तरी घामाच्या बाष्पीभवनामुळे ३७ अंशांच्या आसपास टिकून राहते. संगणकाला घाम येत नाही. पंखा आणि हीटसिंक त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त हवा आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक ठरावीक मर्यादेत ठेवतात. समजा पूर्ण लोडवर हा फरक ५५ अंशांचा आहे. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ८० वर राहतो. मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर, तोच पंखा आणि तेच काम असूनही आकडा ९५ वर जातो. यंत्रात बिघाड झालेला नसतो. फक्त हिवाळ्यात हाताशी असलेली पंधरा अंशांची सवलत उन्हाळ्याने काढून घेतलेली असते.

इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. ही मर्यादा गाठली की प्रोसेसर लगेच बंद होत नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. रेंडरिंगला वेळ जास्त लागतो, गेम अडखळतो. एवढे करूनही तापमान चढतच राहिले, तर अखेरचा खटका पडतो. म्हणूनच सुस्त न होता एकाएकी बंद पडणारा संगणक पाहिला, की संशयाची सुई आधी विजेकडे वळवावी, हे जास्त शहाणपणाचे. ‘गरम होतोय म्हणून बंद पडतोय’ हे उत्तर सोलापूरच्या उन्हात सर्वांना पटते आणि तिथेच अनेकदा फसगत होते.

याला अपवाद आहे तो जोडणीतल्या चुकीचा. घरी जोडलेल्या संगणकात हीटसिंकच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक काढायचे राहून जाते. कुठे इंटेलच्या मूळ पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एक खुंटी अर्धवटच बसलेली असते, कुठे थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून गेलेली असते. पेस्टचे काम तसे साधेच. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म खड्डे उरतात आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. तांबे तिच्यापेक्षा काही हजार पटींनी चांगले. पेस्ट ते खड्डे भरते. मटाराच्या दाण्याएवढी पुरते; पोळीला तूप माखावे तशी माखण्याची गरज नाही. हीटसिंक असा सैल असेल, तर लोड येताच काही सेकंदांत तापमान नव्वदीपार जाते. तापमान दाखवणारे ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखे मोफत सॉफ्टवेअर उघडून ठेवले की ही उडी डोळ्यांसमोर दिसते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या घरांच्या आसपास यंत्रमाग आहेत, तिथली धूळ निराळी असते. मातीची धूळ हीटसिंकवर नुसती बसते, पण सुताची तूस पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखी जमते. वरून पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, मात्र हवा आरपार जात नाही. या शहराचे संगणकाशी असलेले नाते तसे जुने म्हणायला हवे. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्ड यंत्रणेने विणली जाते, ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाली. तिच्यातली भोके पाडलेली कार्डे पाहूनच चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला सूचना देण्याची युक्ती सुचली. ते असो. त्या मागावरून उडालेली तूस काढायला मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. भन्नाट वेगाने फिरवले तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. आणि धूळ बसू नये म्हणून चालू कॅबिनेटवर चादर पांघरण्याची हौस असेल, तर ती सोडावी.

आता विजेकडे वळू. कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा डबा, हा संगणकातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर पैसे ओतले जातात आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस येतो. प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडाही फसवा असतो. इंटेलच्या आय-७ १३७००के प्रोसेसरची मूळ क्षमता १२५ वॅट सांगितली जाते, मात्र पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत ओढतो. ग्राफिक्स कार्डाचे वागणे याहून तऱ्हेवाईक. २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डाची मर्यादा ३२० वॅट. ती सरासरी झाली. काही मिलिसेकंदांपुरते असे कार्ड त्याहून बरेच जास्त ओढून घेते. एवढा छोटा हिसका आपल्याला कळत नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला कळतो आणि ते शॉर्टसर्किट समजून खटका पाडते. हा त्रास इतका वाढला, की २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हे नवे मानक आणले. त्यानुसार बनलेल्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट हिसका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता सोसलाच पाहिजे, अशी अट त्यात आहे.

बिघाड नसताना केवळ भार पाहून खटका पडण्याचा हा प्रकार फक्त संगणकापुरता नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाची वीजयंत्रणा कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. चौकशीत आढळले, की ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर कसलाही दोष नव्हता. भार इतका वाढला होता, की संरक्षक रिलेला तो दोषासारखा भासला आणि त्याने वाहिनी तोडली. दक्षिणेचे जाळे तेव्हा उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडलेले नसल्यामुळे वाचले. ती जोडणी पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी झाली, आणि ती झाली रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. देशाच्या जाळ्याला जे झाले, तेच टेबलाखालच्या डब्यात लहान प्रमाणावर घडते.

तरीही एसएमपीएसवर ठपका ठेवण्याआधी भिंत आणि संगणक यांच्यामध्ये बसलेल्या वस्तूंकडे पाहायला हवे. परदेशातले सल्ले वाचून दुरुस्ती करणाऱ्यांचे नेमके इथेच दुर्लक्ष होते, कारण तिकडे घरोघरी यूपीएस नसतो. आपल्याकडे सर्रास दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. त्यावर ६०० लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष वॅट असतात ३६०. आता एका मध्यम संगणकाचा हिशेब मांडू. रायझन ५ ५६०० प्रोसेसर पूर्ण लोडवर सुमारे ८८ वॅट, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५५ वॅट. बेरीज झाली ३१३. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून ३६८ वॅट ओढले जातात. त्याच यूपीएसवर मॉनिटर असतो, त्याचे २५ वॅट. म्हणजे ३९० च्या पुढे. टायपिंग करताना हाच संगणक शंभर वॅटही ओढत नाही, त्यामुळे वर्षभर कुणाला काही कळत नाही. काही यूपीएस मर्यादा ओलांडताच शिट्टी मारून बंद होतात. काही मेन लाइनवर असेपर्यंत सोसतात आणि व्होल्टेज क्षणभर पडून बॅटरीवर जाताच मान टाकतात. उन्हाळ्यात कूलर, एसी आणि पंप एकदम चालू असताना व्होल्टेज पडणे नवे नाही. त्यात उष्णतेने यूपीएसची बॅटरीही लवकर थकते.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. संगणक बंद पडला, त्या क्षणी मॉनिटरकडे पाहावे. त्याच यूपीएसवरचा मॉनिटरही पूर्ण काळा झाला आणि त्याचा दिवा विझला, तर दोष संगणकाच्या बाहेर आहे: यूपीएस, स्पाइक गार्ड किंवा भिंतीतला सॉकेट. मॉनिटरचा दिवा चालू राहून ‘सिग्नल नाही’ असे आले, तर दोष बहुधा कॅबिनेटच्या आत. दुसरी खूण पॉवरच्या बटणाची. बटण दाबले तरी संगणक हू की चू करत नाही, पण भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभराने चालू केला की मुकाट सुरू होतो, असे असेल तर एसएमपीएसच्या संरक्षणाने खटका पाडला असण्याची शक्यता मोठी. अनेक एसएमपीएस एकदा खटका पडला की भिंतीतली वीज तोडल्याशिवाय उठत नाहीत.

यानंतरची पायरी म्हणजे संगणक यूपीएस वगळून थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर लावून तेच काम पुन्हा करणे. त्यापूर्वी फाइली सेव्ह करून, शक्यतो दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत काढून ठेवावी. वीज अचानक जाण्याचा सर्वांत मोठा फटका अर्धवट लिहिलेल्या फाइलींना बसतो. थेट सॉकेटवर संगणक तासभर टिकला, तर निदान झाले. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा किंवा पुढचा ‘यूपीएस मोड’चा स्विच पाहावा. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर लाइन बदलायला जास्त वेळ घेतो. पंख्या-दिव्यांना ते चालते, संगणकाला चालत नाही. एसएमपीएसच्या पोटातला मोठा कपॅसिटर पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद खिंड लढवतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनही पूर्ण नाही. लोड कमी असताना तोच साठा जास्त काळ पुरतो. म्हणून व्होल्टेजचा तोच झोल टायपिंग करताना पचतो आणि रेंडरिंग चालू असताना पचत नाही.

हा कपॅसिटर म्हातारा होतो, तेही उष्णतेने. आतल्या द्रवाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सहा-सात वर्षे सोलापूरचे उन्हाळे काढलेला एसएमपीएस त्याच्यावर छापलेले वॅट देईलच, अशी अपेक्षा धरू नये. मदरबोर्डवरचे काही कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर तीही वयाची खूण.

थेट सॉकेटवरही संगणक बंद पडतच असेल, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना वेगवेगळे राबवून पाहायचे. ‘प्राइम९५’ फक्त प्रोसेसरला घाम फोडते, ‘फरमार्क’ फक्त ग्राफिक्स कार्डाला. प्रत्येकी दहा मिनिटे, तापमानाकडे नजर ठेवून. आकडा मर्यादेला टेकू लागला तर चाचणी थांबवून. दोघे सुटे सुटे टिकतात आणि एकत्र चालवले की संगणक बसतो, तर वीज कमी पडते आहे. एकट्या प्रोसेसरवर बसत असेल, तर त्याचा हीटसिंक आणि मदरबोर्डवरची त्याची आठ पिनांची वायर तपासावी. एकट्या ग्राफिक्स कार्डावर बसत असेल, तर आणखी एक बिनखर्चाची चाचणी आहे: ‘आफ्टरबर्नर’सारख्या सॉफ्टवेअरने कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणायची. एवढ्याने संगणक टिकू लागला, तर कार्ड खराब झाल्याची शक्यता घटते आणि एसएमपीएसवरचा संशय बळावतो. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील, तर एकाच वायरच्या दोन फाट्यांऐवजी दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. आठ पिनांच्या एका जोडणीची नेमून दिलेली मर्यादा १५० वॅट आहे. नवा एसएमपीएस घेतलाच, तर जुन्याच्या सुट्या वायरी त्याला लावू नयेत. संगणकाकडचे टोक सारखे असते, पण डब्याकडच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी. १२ व्होल्ट भलत्या ठिकाणी गेले, की डिस्क क्षणात जळते.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, प्लग काढून ठेवला असला तरीही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात आणि ते लगेच उतरतात असे नाही. त्याचप्रमाणे खटका वारंवार पडतो म्हणून बायोसमधले तापमानाचे संरक्षण शिथिल करणे किंवा यूपीएसचा फ्यूज जाड तारेने बांधणे हे उपाय नव्हेत. त्याने दोष तसाच राहतो आणि पुढच्या वेळी खटक्याऐवजी जळका वास येतो. सॉकेट किंवा स्पाइक गार्ड हाताला गरम लागत असेल, तर सैल जोडणी तापते आहे. ते काम वायरमनचे. तो आलाच असेल, तर अर्थिंगही तपासून घ्यावे.

उन्हाळ्यापुरता दिलासा हवा असेल, तर जड काम पहाटे लावणे सर्वांत स्वस्त. कूलरची हवा खोलीत आली तर संगणकालाही फायदा होतो, पण झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातले पाण्याचे तुषार वाळले की क्षारांचा पांढरा थर बोर्डावर उरतो. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता थेट द्रवाने वाहून नेली जाते. घरगुती संगणकालाही पाण्याचे कूलर मिळतात, पण तेही शेवटी खोलीतल्या हवेलाच उष्णता देतात. ४० अंशांच्या खोलीत त्यांच्यावर मोठा खर्च करण्याआधी कॅबिनेटला मागे एक आणि पुढे एक पंखा आहे का, पुढची जाळी तुसाने बंद झाली आहे का, आणि मागचा भाग भिंतीला चिकटला आहे का, हे पाहावे.

एवढे करूनही संगणक दुकानात न्यावा लागलाच, तर कधी बंद पडला, तेव्हा काय चालू होते, तापमान किती होते आणि मॉनिटर विझला की नाही, हे चार रकान्यांत लिहून न्यावे. दुकानदाराचा वेळ वाचतो आणि नको तो भाग गळ्यात पडत नाही. बरोबर घरचा यूपीएस, वायर आणि स्पाइक गार्डही न्यावे. नाहीतर एसीच्या गारव्यात, दुकानाच्या दणकट लाइनवर तोच संगणक तासभर न अडखळता चालून दाखवतो, आणि घरी आणून रेंडरिंग लावले की दहाव्या मिनिटाला पुन्हा बंद पडतो.